ऑटोफोकस : सेवक कीं धनी ?

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आमच्या शाळेंत एक नवल घडत आहे. ज्या घरांत प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइल दिवसाकाठीं पन्नास छायाचित्रें घेऊं शकतो, त्याच घरांतील कपाटांच्या तळाशीं पडलेले फिल्मचे जुने कॅमेरे मुलें हुडकून काढूं लागलीं आहेत. कोणी आजोबांचा, कोणी मावशीचा, तर कोणी जुन्या बाजारांतून घेतलेला, असे आठ-दहा कॅमेरे यंदाच्या स्नेहसंमेलनांत शाळेच्या अंगणांत फिरतांना दिसले. त्यांतील बहुतेक इ. स. १९८० ते २००० या काळांतले, म्हणजे स्वतःच फोकस साधणारे होते. या योजनेसच ऑटोफोकस म्हणतात. आणि तीवरूनच छायाचित्र-मंडळाच्या सभेंत मोठा वाद माजला.

वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांचें म्हणणें असें पडलें कीं, फिल्मवर फोटो काढावयाचा तर फोकस हातानेंच साधला पाहिजे. तो यंत्राकडून साधून घेणें म्हणजे दुसऱ्यानें सोडविलेलें गणित आपल्या वहींत उतरविण्यासारखें आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जें काम यंत्र क्षणांत करतें त्यासाठीं आपण डोळे ताणीत बसणें हा निव्वळ हट्ट होय. आम्हीं दोन्ही बाजू ऐकल्या, व प्रत्येक पक्ष अर्धाच खरा आहे असें आम्हांस वाटलें. उरलेल्या अर्ध्याविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम फोकस म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. भिंग एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तूची अगदीं रेखीव प्रतिमा फिल्मवर पाडूं शकतें. त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या वस्तु क्रमाक्रमानें पुसट होत जातात. भिंगाचें छिद्र बारीक केलें तर स्पष्टतेचा पट्टा रुंद होतो; तें मोठें केलें कीं हा पट्टा अरुंद होतो. तात्पर्य, फोटो काढणाराला कोणत्या अंतरावरची वस्तु स्पष्ट दिसावी हें आधीं ठरवावें लागतें. पूर्वींच्या लोकांनीं यासाठीं निरनिराळ्या वाटा शोधिल्या होत्या. १९०० सालीं निघालेल्या ब्राउनीसारख्या पेटी-कॅमेऱ्यांत फोकस कायमचा ठरलेला असे. माणसें चार पावलें दूर उभीं राहिलीं म्हणजे झालें. कांहीं कॅमेऱ्यांत अंतराचा अंदाज करून भिंगावरील आंकडा जुळवावा लागे. कांहींत घासलेल्या कांचेवर प्रतिमा पाहून ती डोळ्यानें निरखावी लागे. आणि १९३२ सालच्या लायका कॅमेऱ्यांत दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसविल्या कीं फोकस साधे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला या आपल्या देशांतील नामांकित वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या उदयकाळचे कित्येक प्रसंग त्यांनीं टिपले, ते सर्व अशाच रीतीनें. १९७० च्या सुमारास त्यांनीं हा व्यवसाय सोडला, तोंवर बाजारांत ऑटोफोकस जन्मासही आला नव्हता. यावरून एवढें सिद्ध होतें कीं उत्तम छायाचित्रास ऑटोफोकस अवश्य नाहीं. परंतु तो निरुपयोगी आहे असें मात्र यावरून सिद्ध होत नाहीं.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे जपानांतील कोनिका कंपनीचा १९७७ सालचा सी-३५ एएफ. त्यांतील मोजमापाचा भाग अमेरिकेंतील हनीवेल कंपनीचा होता. दोन लहान खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं, हें तो ताडून पाही. पुढच्याच वर्षीं, १९७८ सालीं, पोलरॉइड कंपनीनें वटवाघुळाची युक्ति उचलली : कानास ऐकूं न येणारा ध्वनि सोडावयाचा, व प्रतिध्वनि किती वेळानें परत येतो त्यावरून अंतर काढावयाचें. १९७९ सालच्या कॅनन कंपनीच्या लहान कॅमेऱ्यानें ध्वनीच्या जागीं डोळ्यास न दिसणारा अवरक्त किरण योजिला. समोरच्या वस्तूवर आपटून तो किरण कोणत्या कोनानें परत येतो यावरून त्या वस्तूचें अंतर कळतें.

भिंगें बदलतां येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत खरा पालट घडविला तो १९८५ सालच्या मिनोल्टा ७००० नें. त्यांत मोजमाप करणारा भाग व भिंग फिरविणारी मोटर हीं दोन्ही कॅमेऱ्याच्या पोटांतच बसविलेलीं होतीं. १९८७ सालीं कॅननच्या ईओएस मालिकेनें हीच मोटर प्रत्येक भिंगांत घातली. या कल्पनेची किंमत किती मोठी होती हें पाहावयाचें असेल तर हनीवेल व मिनोल्टा यांच्यामधील खटला आठवावा; १९९२ सालीं त्याचा निकाल हनीवेलच्या बाजूनें लागला, व तडजोडींत मिनोल्टास १२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली.

या मोठ्या कॅमेऱ्यांची रीत जाणून घेण्याजोगी आहे. त्यांतील आरसा मध्यभागीं किंचित् पारदर्शक असतो. त्यांतून पार झालेला प्रकाश मागच्या एका लहान आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशीं उतरतो, आणि तेथें भिंगाच्या दोन निरनिराळ्या बाजूंनीं आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा शेजारीं-शेजारीं पडतात. त्यांच्यामधील अंतर ठराविक असेल तर फोकस बरोबर आहे. तें कमी किंवा अधिक असेल तर भिंग कोणत्या दिशेस व किती फिरवावयाचें हें यंत्रास तत्काळ कळतें. आपले दोन डोळेही पुष्कळसें असेंच काम करीत असतात. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवून पाहावा, म्हणजे दोन बाजूंनीं पाहण्याचें महत्त्व पटेल. मात्र दोन प्रतिमा ताडून पाहावयाच्या तर त्यांत कांहीं रेघ, कांहीं कडा असली पाहिजे. कोरी पांढरी भिंत, निरभ्र आकाश, दाट धुकें किंवा संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळचें आमच्या चॅपलमधील अंधुक आवार, अशा ठिकाणीं यंत्रास पकडावयास कांहींच सांपडत नाहीं. मग भिंग पुढें-मागें घिरट्या घालीत राहतें. जुन्या कॅमेऱ्यांत आणखी एक उणीव असे : पुष्कळांना फक्त उभ्या रेघा दिसत, आडव्या दिसत नसत. कॅमेरा थोडा तिरपा धरून फोकस साधावा व मग सरळ करावा, हा त्यावरचा उपाय.

येथपर्यंत यंत्राची स्तुति झाली. आतां आमच्या स्वतःच्या फजितीची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

१९९८ सालच्या मार्च महिन्यांत आमच्या शाळेंत वर्षानुवर्षें घंटा वाजविणारे एक वृद्ध शिपाई सेवानिवृत्त झाले. मुलें त्यांना मामा म्हणत, आणि आम्ही शिक्षकही मामाच म्हणत असूं. समारंभास मामीही आल्या होत्या. नवऱ्यानें सारा जन्म जेथें घालविला ती जागा त्या माउलीनें त्या दिवशीं प्रथमच पाहिली. फराळ आटोपल्यावर तीं दोघें अंगणांतील आंब्याखालच्या बाकावर बसलीं होतीं, व आमच्या हातीं ऑटोफोकसचा एक लहानसा कॅमेरा होता. आम्हीं दोघांना चौकटीच्या मध्यभागीं नीट घेतलें व कळ दाबली. आंत कांहीं गुरगुरलें, फिल्म पुढें सरकली, आणि आम्ही निश्चिंत झालों.

तो रोल संपावयास, जिल्ह्याच्या गांवीं धुवावयास जावयास व परत यावयास महिना लोटला. तोंवर मामा बिऱ्हाड उचलून कोंकणांतील आपल्या गांवीं गेले होते. प्रत हातांत घेऊन पाहतों तों बाकाच्या मागें वीस फुटांवर असलेली शाळेची भिंत लख्ख उमटलेली ! पाटीवरचें अक्षर न् अक्षर वाचावें, चुन्याचा सुटलेला पोपडा मोजावा, इतकी ती स्पष्ट. आणि पुढें मामा-मामींचे चेहरे मात्र धुक्यांतून पाहावे तसे. कारण शोधावयास फार वेळ लागला नाहीं. चारचौघांत बसतांना त्या दोघांनीं जुन्या चालीप्रमाणें मध्यें हातभर जागा सोडली होती. कॅमेऱ्याचा किरण नेमका त्या जागेंतून पार गेला व भिंतीवर आपटून परत आला. यंत्रानें अंतर अचूक मोजलें होतें. फक्त तें भिंतीचें होतें.

या चुकीचा दोष आम्ही यंत्रास देत नाहीं. समोर किती अंतरावर वस्तु आहे, एवढाच प्रश्न त्यास विचारलेला असतो, व त्याचें उत्तर तें प्रामाणिकपणें देतें. परंतु त्या वस्तूंपैकीं कोणती आपल्याला प्रिय आहे, कोणासाठीं आपण तेथें उभे आहों, हा प्रश्न त्यास कळतही नाहीं. हा प्रश्न आमचा होता, व तो विचारण्याचें आम्ही विसरलों. मनुष्य जेव्हां स्वतः भिंग फिरवितो, तेव्हां फिरवितां-फिरवितां त्याला हा निर्णय करावाच लागतो. ऑटोफोकसमध्यें तो निर्णय न करतांही फोटो निघतो, आणि खरा धोका तो हाच. कॅमेरे बनविणारांनाही ही गोष्ट उमगली होती. १९९२ सालच्या कॅनन ईओएस ५ या कॅमेऱ्यांत त्यांनीं अशी योजना केली कीं, चौकटींतील पांच बिंदूंपैकीं छायाचित्रकाराचा डोळा कोणत्या बिंदूकडे पाहतो हें यंत्रानें ओळखावें व तेथें फोकस साधावा. म्हणजे इतक्या हुशार यंत्रालाही शेवटीं माणसाकडे वळून, ‘आपण कोणाकडे पाहतां ?’ असें विचारावें लागलें !

कोणी म्हणेल, मोबाइलमध्यें तर यंत्र चेहरा ओळखून फोकस करतें. मग ही जुनी रड कशास? यावर आमचें उत्तर असें कीं, मोबाइलमध्यें चूक झाली तरी ती त्याच क्षणीं पडद्यावर दिसते, व दुसरा फोटो काढतां येतो. फिल्मच्या कॅमेऱ्यास पाठीवर पडदा नाहीं. छत्तिसांपैकीं एक जागा खर्ची पडते. आणि ती सार्थकीं लागली कीं वायां गेली हें रोल धुऊन आल्यावर कळतें. तोंवर लग्नाचा मांडव उतरलेला असतो, बहीण सासरीं गेलेली असते, दहावीचा वर्ग पांगलेला असतो. म्हणून फिल्मवर निर्णय आधीं करावा लागतो. आमच्या मतें फिल्मच्या कॅमेऱ्यापासून मुलांना शिकण्यासारखें जें कांहीं आहे, त्यांत ही गोष्ट पहिली आहे.

तर मग हातानेंच फोकस साधावा, हें म्हणणाऱ्या मित्रांचा विजय झाला काय ? तसेंही आम्हांस वाटत नाहीं. एक तर ऑटोफोकसच्या कॅमेऱ्यांतील पाहण्याची कांच बहुधा उजळ पण साधी असते. जुन्या कॅमेऱ्यांत मध्यभागीं जें दुभंगलेलें वर्तुळ असे, व ज्यांतील तुटलेली रेघ सांधली कीं फोकस झाला असें कळे, तें यांच्यांत सहसा नसतें. भिंगावरील कडेंही थोडेंसेंच फिरतें, त्यामुळें केसभर हात चुकला तर फोकस हातभर चुकतो. शिवाय सर्वांचे डोळे सोळा वर्षांचे नसतात. चाळिशी लागलेल्या शिक्षकांना व जाड चष्मा असलेल्या विद्यार्थ्यांना ऑटोफोकस हें वरदानच आहे. आणि चढाई करून मध्यरेषेकडे झेपावणारा कबड्डीपटु भिंगाचें कडें फिरविणाऱ्यासाठीं थांबत नाहीं. कष्ट अधिक पडले म्हणजे कला अधिक झाली, असा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. कष्टाचें जें काम यंत्रास देतां येतें तें खुशाल द्यावें; जें विचाराचें आहे तें मात्र कधींही देऊं नये.

हें कसें साधावें, याची रीत सोपी आहे. प्रथम कॅमेरा डोळ्यास लावण्यापूर्वींच मनांशीं ठरवावें कीं या चित्रांत कोण स्पष्ट दिसला पाहिजे. मग चौकटीच्या मध्यभागची खूण त्याच्या चेहऱ्यावर, शक्यतों जवळच्या डोळ्यावर, आणावी व कळ अर्धीच दाबावी. फोकस साधला म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत लहान दिवा लागतो किंवा बारीक आवाज होतो. तो होईपर्यंत थांबावें. मग कळ तशीच अर्धी धरून कॅमेरा वळवावा, चौकट मनासारखी करावी, व कळ पूर्ण दाबावी. या अवधींत स्वतः पुढें-मागें सरकूं नये, कारण मोजलेलें अंतर आपण सरकलों कीं खोटें ठरतें. एवढी एक संवय त्या दिवशीं आम्हांस असती, तर खूण मामांच्या चेहऱ्यावर धरून मग दोघांना चौकटींत घेण्यास दोन सेकंदही लागले नसते.

मोठ्या कॅमेऱ्यांत बहुधा दोन पद्धति असतात : एकींत फोकस एकदां साधून स्थिर राहतो, व दुसरींत यंत्र हलत्या वस्तूचा सतत पाठलाग करतें. स्थिर बसलेल्या माणसांस पहिली व खेळाच्या मैदानावर दुसरी योग्य. पहिलींत फोकस साधल्याशिवाय कळ बहुधा पुरी दबतच नाहीं. दुसरींत ती पुष्कळदां कशीही दबते, हें ध्यानांत ठेवावें. अवरक्त किरणाचा कॅमेरा आगगाडीच्या खिडकीच्या कांचेंतून बाहेर रोखला तर कांचेलाच वस्तु समजूं शकतो. कित्येक कॅमेऱ्यांवर डोंगराचें चिन्ह असलेलें बटण असतें, तें अशा वेळीं दाबावें, म्हणजे भिंग दूरवर लागतें. गजांच्या, जाळीच्या किंवा फांद्यांच्या पलीकडचें चित्र घेतांना यंत्र अलीकडच्या अडथळ्यास धरण्याचा संभव फार. तेथें, तसेंच अंधारांत, सोय असेल तर ऑटोफोकस बंद करून भिंग हातानें फिरवावें. म्हणजे हाताची विद्याही शिकून ठेवावीच. सेवक आजारी पडला तर धन्यास स्वयंपाक आला पाहिजे.

हा वाद केवळ आमच्या शाळेंतच आहे असें नव्हे. २०२४ सालीं फिल्मचे दोन नवे कॅमेरे बाजारांत आले. पेंटॅक्स १७ या कॅमेऱ्यांत छत्तीसच्या रोलवर बहात्तर लहान चित्रें निघतात, व त्यांत ऑटोफोकस नाहीं. जवळ, दूर, फार दूर अशा सहा खुणांपैकीं एक खूण आपणच निवडावयाची. त्याच वर्षींच्या रोलाय ३५ एएफ मध्यें मात्र प्रकाशाचा किरण सोडून अंतर मोजणारा ऑटोफोकस आहे. दोन्ही वाटा अजून मोकळ्या आहेत, आणि दोहोंवरून चांगली चित्रें मिळतील. मात्र कोणत्याही वाटेवर ‘कोणाकडे पाहावयाचें’ हें चालणारानेंच ठरविलें पाहिजे.

पालकांस आमची एक विनंती आहे. घरांत असा कॅमेरा असेल तर तो मुलांच्या हातीं द्यावा. फिल्म महाग आहे, धुण्याचा खर्च निराळा, आणि पहिल्या रोलांतील निम्मीं चित्रें बिघडतील, हें आधींच मनाशीं धरावें. मुलांनीं एक लहानशी वही ठेवून प्रत्येक चित्राच्या क्रमांकापुढें फोकस कोणावर धरला होता तें लिहावें. रोल धुऊन आला म्हणजे पालकांनीं बिघडलेल्या चित्राबद्दल रागावण्याऐवजीं वही घेऊन मुलाशेजारीं बसावें व एवढेंच विचारावें, ‘येथें तुला कोण दिसावयास हवें होतें ?’ या प्रश्नाचें उत्तर ज्या मुलास तत्काळ देतां येईल, त्याचा पुढचा रोल बराच सुधारलेला असेल.

मामांची हकीकत पुरी करणें राहिलें. १९९९ सालच्या मे महिन्यांत आम्ही मुद्दाम त्यांच्या गांवीं गेलों. नवा रोल भरून नेला होता व या खेपेस कळ अर्धी दाबावयाची हें घोकून ठेविलें होतें. परंतु आदल्या पावसाळ्यांतच मामी देवाघरीं गेल्या होत्या. ओटीवरच्या भिंतीवर आमचें तें पुसट चित्र चौकट करून लाविलेलें होतें. दोघांचें मिळून असें तें एकच चित्र त्या घरांत होतें. आम्ही खालमानेनें क्षमा मागूं लागलों, तेव्हां मामा म्हणाले, “राहूं द्या हो, सर. शाळेची भिंत किती छान आली आहे !”

मामांचा एकट्याचा फोटो आम्हीं त्या दिवशीं काढला. फोकस बरोबर त्यांच्या डोळ्यांवर आला होता.